नेता खोलीबाहेर गेल्यावर

बी.ए.ला असताना मी सलग दोन वर्षं वर्गप्रतिनिधी होते आणि त्यासाठी मला एकानेही मत दिलेलं नव्हतं. मत द्यायची सोयच नव्हती. कॉलेजच्या निवडणुकांतल्या मारामाऱ्या पार खुनापर्यंत गेल्या, तेव्हा महाराष्ट्रात त्या निवडणुका गुंडाळल्या गेल्या. १९९४च्या विद्यापीठ कायद्याने ठरवून टाकलं, की आदल्या वर्षीच्या परीक्षेत जो पुढे, तो वर्गाचा प्रतिनिधी. प्राचार्यांनी त्याचं नाव जाहीर करायचं. २०१६च्या कायद्यात खुल्या निवडणुकांची तरतूद परत आली, पण तोवर माझ्यासारखे कितीतरी जण मार्कांच्या जोरावर पुढारी होऊन कॉलेजातून बाहेर पडले होते.

त्या पुढारीपणात करायचं काय असे? गॅदरिंगची वर्गणी गोळा करायची, सहलीच्या बसची यादी करायची, सर वर्गात आले नाहीत तर स्टाफरूममध्ये जाऊन विचारून यायचं. हे शेवटचं काम केल्यामुळे वर्गात मी अजिबात लोकप्रिय नव्हते, हे वेगळं सांगायला नको.

बार्शीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी वर्षभर कुठला ना कुठला फ्लेक्स लागलेला असे. मधोमध गॉगल घातलेले दादा, वर साहेब, त्यांच्याही वर मोठे साहेब आणि खाली शुभेच्छुक म्हणून पासपोर्ट आकाराचे चेहरे. ‘भावी नगरसेवक’ ही पदवी कुणीही स्वतःला लावून घ्यायचा. त्यामुळे माझं मत पक्कं झालेलं: पुढारी एकतर घराण्यातून येतो, नाहीतर पैशातून. तो शिकून होत नाही आणि शिकून व्हावं असं त्यात काही नाही.

असं मत असलेली मुलगी पुढे एम.एस.डब्ल्यू.ला, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला, जाऊन नेतृत्वाचा पेपर घेते, यामागे कसलीही आंतरिक ओढ नव्हती. ऐच्छिक विषयांत तो मंगळवारी दुपारी होता आणि दुसरा शनिवारी सकाळी. शनिवारी सकाळच्या एस.टी.ने मला घरी जायचं असे. एवढंच.

पहिल्या तासाला सरांनी फळ्यावर एक प्रश्न लिहिला: चांगल्या नेत्याच्या अंगी काय असतं? आम्ही धडाधड सांगत सुटलो. धाडस, दूरदृष्टी, वक्तृत्व, प्रामाणिकपणा, निर्णयक्षमता, आत्मविश्वास. फळा भरला. सरांनी तो पुसला नाही, त्यावर बोललेही नाहीत. त्यांनी खुर्ची ओढली आणि दहा-अकरा वर्षांच्या मुलांच्या एका जुन्या प्रयोगाची गोष्ट सांगायला लागले.

अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातला हा प्रयोग, १९३९ साली प्रसिद्ध झालेला. करणारे तिघे: कुर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट. लेविन ज्यू होता आणि हिटलर सत्तेवर आल्यावर १९३३ मध्येच त्याने जर्मनी सोडली होती. माणसं हुकूमशहाच्या मागे का जातात हा प्रश्न त्याच्यासाठी पुस्तकातला नव्हता. त्यांनी शाळा सुटल्यावर भरणारी मुलांची मंडळं तयार केली. मुलांनी मुखवटे बनवायचे, लाकडाच्या वस्तू करायच्या. प्रत्येक मंडळाला एक मोठा माणूस नेता म्हणून दिलेला. एका प्रकारचा नेता सगळं स्वतः ठरवायचा. पुढची पायरी सांगायचा तीही ऐन वेळी आणि कुणी कुणाबरोबर काम करायचं हेही तोच सांगायचा. दुसऱ्या प्रकारचा मुलांना बरोबर घेऊन बेत आखायचा. तिसरा नुसता हजर असायचा. विचारलं तर सांगायचा, नाहीतर गप्प. हा तिसरा प्रकार मुळात ठरवलेलाच नव्हता म्हणे. लोकशाही पद्धतीचा नेता व्हायला निघालेल्या व्हाइटचं वागणं भलतंच निघालं, तेव्हा त्याला स्वतंत्र नाव देऊन टाकलं. (आमच्या वर्गात यावर सगळ्यांत मोठा हशा पिकला, कारण तसे ‘लोकशाहीवादी’ गटप्रमुख आम्हाला पुष्कळ ठाऊक होते.)

हुकूम सोडणाऱ्याच्या मंडळांत मुलं एकतर एकमेकांवर गुरगुरायची, नाहीतर खाली मान घालून गप्प काम करायची. एखाद्या पोराला सगळे मिळून धारेवर धरायचे, इतकं, की तसा मुलगा मंडळच सोडून गेला. पण या प्रयोगातला मला हलवून गेलेला भाग वेगळाच आहे. नेत्याने मधेच काही मिनिटं खोलीबाहेर जायचं आणि निरीक्षकांनी बसून नोंद करायची: आता काय होतं? मान खाली घालून काम करणाऱ्या मुलांचा नेता समोर असताना सुमारे ७४ टक्के वेळ कामात जायचा. तो बाहेर गेला की २९ टक्के. लोकशाही पद्धतीच्या मंडळांत नेता असताना ५०, नसताना ४६.

सरांनी हे चार आकडे लिहिले आणि विचारलं, “आता सांगा, खोलीत डोकावून बघणाऱ्या हेडमास्तरला कुठला नेता चांगला वाटेल?”

अर्थातच ७४वाला. आमच्या शाळेतले सगळे ‘कडक’ म्हणून नावाजलेले मास्तर, घरातले ‘ते होते म्हणून घर उभं राहिलं’ असे आजोबा, तालुक्यातले ‘शब्दाबाहेर कुणी जात नाही’ असे साहेब, सगळे मला त्या एका आकड्यात उभे दिसले. आणि त्यांच्यानंतर त्या शाळेचं, घराचं, तालुक्याचं काय झालं तेही. आजोबा गेल्यावर तीन काकांनी विहिरीच्या पाण्याची पाळी कोर्टात नेली. तोवर ती पाळी आजोबांच्या डोक्यातच होती, कागदावर कुठेच नव्हती.

पुढच्या तासांना बरंच काही झालं. राल्फ स्टॉगडिल नावाच्या संशोधकाने १९४८ मध्ये नेत्यांच्या गुणांवरचे १२४ अभ्यास एकत्र तपासले आणि निष्कर्ष काढला, की नुसते गुण अंगी असल्याने कुणी नेता होत नाही. एका प्रसंगातला नेता दुसऱ्या प्रसंगात नेता राहीलच असं नाही. म्हणजे आमचा भरलेला फळा तेव्हाच निम्माशिम्मा पुसला गेला होता. तरीही आजतागायत कॉलेजाकॉलेजांत ‘नेतृत्वगुण विकास शिबिरं’ होतात, टाय लावलेला वक्ता येतो, ‘तुमच्यात एक सिंह आहे’ म्हणतो, मुलं टाळ्या वाजवतात, प्रमाणपत्र मिळतं. मी स्वतः अशा दोन-तीन शिबिरांना बसले आहे. जेवण चांगलं असतं. बाकी त्यात मुलांच्या हाती काय लागतं हे मला कळलेलं नाही.

त्यातलं एक ठरलेलं व्याख्यान म्हणजे शिवाजी महाराज आणि व्यवस्थापन. महाराजांचे गुण एकामागून एक सांगायचे आणि शेवटी ते कंपनीच्या टार्गेटला नेऊन भिडवायचे. मला त्यांच्या चरित्रातली एकच गोष्ट या विषयाच्या वर्गात सांगावीशी वाटते आणि ती या व्याख्यानांत पेटाऱ्यांच्या थराराखाली दबून जाते. मार्च १६६६ मध्ये महाराज राजगडावरून आग्र्याला निघाले. मे महिन्यात दरबारात तो प्रसंग घडला, कैद झाली आणि ते निसटले १७ ऑगस्टला. कित्येक महिने राजा शत्रूच्या राजधानीत होता आणि तो परत येईल याची खात्री कुणालाच नव्हती. एवढ्या काळात राज्य मोडलं नाही. जाताना कारभार जिजाबाईंच्या देखरेखीखाली लावून दिलेला होता, अधिकारी आपापल्या जागी होते, गड किल्लेदारांच्या ताब्यात होते. पुढे १६८९ मध्ये संभाजी महाराज मारले गेले, रायगड पडला, राजाराम महाराज जिंजीला गेले, १७००मध्ये तेही वारले. तरी औरंगजेबाला १७०७पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, दक्षिणेतून पाय काढता आला नाही. रामचंद्रपंत, संताजी, धनाजी, नंतर ताराबाई. खोलीतला नेता पुन्हा पुन्हा बाहेर गेला आणि काम चालू राहिलं. लेविनच्या निरीक्षकांनी वही काढावी असा हा काळ आहे. फ्लेक्सवर मात्र येतो तो घोड्यावरचा एकटा राजाच.

दुसऱ्या वर्षी अभ्यासदौरा होता गडचिरोलीत. धानोरा तालुक्यातलं मेंढा, ज्याला बाहेरचे लोक मेंढा-लेखा म्हणतात. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही या गावाची घोषणा. वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळालेल्या देशातल्या सुरुवातीच्या गावांपैकी हे एक. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा हक्क गावाला मिळाला. पण बांबू तोडून नेण्याचा वाहतूक परवाना द्यायचा कुणी, यावर घोडं अडलं होतं. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले तेव्हा ते परवाना-पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडलं. हे सगळं आम्ही वाचून गेलो होतो.

वाचून न कळणारी गोष्ट अशी, की मेंढ्यात निर्णय बहुमताने होत नाहीत. सर्वसहमतीने होतात. एकाचाही विरोध असेल तर विषय बाजूला ठेवायचा आणि पुन्हा बोलायचं. पुण्याहून गेलेल्या आम्हा मंडळींना हे ऐकून पहिली शंका यायची ती आलीच: असं केलं तर काही ठरेल का? त्याचं उत्तर गावाच्या दुसऱ्या एका सोयीत आहे. ग्रामसभेखेरीज तिथे अभ्यास गट असतो. ज्याला विषय समजून घ्यायचा तो येऊन बसतो. बाहेरच्या माहीतगारालाही बोलावतात. कायदा वाचतात, नकाशा बघतात, वाद घालतात. पण अभ्यास गट निर्णय घेत नाही. निर्णय ग्रामसभेचा. समजून घ्यायची बैठक वेगळी आणि ठरवायची बैठक वेगळी. आपण या दोन्ही गोष्टी एकाच बैठकीत उरकायला जातो, मग ज्याला आधीपासून माहिती आहे तोच ठरवतो आणि बाकीचे हात वर करतात.

आम्ही ज्या चर्चेला बसलो ती निम्मी गोंडीत झाली. एक काकू बराच वेळ गोंडीत काही सांगत होत्या आणि शेजारचा तरुण आमच्यासाठी ते मराठीत आणत होता. त्याचं मराठीतलं वाक्य काकूंना पटलं नाही. त्यांनी त्याला थांबवलं आणि पुन्हा सांगितलं. त्यानेही पुन्हा सांगितलं. परत नाही पटलं. सगळे थांबून राहिले. कुणी घड्याळाकडे बघितलं नाही, ‘पुढे चला’ म्हटलं नाही. तिसऱ्यांदा काकूंनी मान डोलवली आणि बोलणं पुढे गेलं. तेवढ्यात माझ्या हातातल्या पेनचं टोपण मी कितीदा काढलं आणि लावलं असेल, देव जाणे. ती चुळबूळ काय होती हे त्या रात्री झोपताना लक्षात आलं: सभा म्हणजे संपवायची गोष्ट, असं मी तोवर धरून चालले होते.

मेंढ्यात नेते नाहीत असं मात्र नाही. देवाजी तोफा यांचं नाव गावाबाहेर सगळीकडे माहीत आहे, मोहन हिराबाई हिरालाल यांनी गावासोबत कितीतरी वर्षं काम केलं. आणि हेही खरं, की गाव लहान आहे, एका समाजाचं आहे, जंगल सगळ्यांचं सारखंच जिव्हाळ्याचं आहे. मेंढ्याची पद्धत उचलून शिवाजीनगरच्या सोसायटीत ठेवली तर पार्किंगचा एक ठराव व्हायला दोन पिढ्या जातील. दौऱ्याच्या अहवालात मी हे लिहिलं तेव्हा सरांनी समासात फक्त एवढंच लिहिलं: ‘मग त्यातलं काय उचलता येतं ते लिहा.’

उचलायला माझ्याजवळ एकच जागा होती: हॉस्टेलची मेस कमिटी.

मेस कमिटीचं सेक्रेटरीपद कुणालाच नको असतं, म्हणून ते माझ्याकडे आलेलं होतं. भांडण एकच आणि जुनं: खाडा. ज्यांनी मेस पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते, जेवायला नसलेल्या दिवसांचे पैसे बिलातून वजा होणं म्हणजे खाडा. आमच्या मेसमामांचा नियम होता, की सलग तीन दिवस बाहेर असाल आणि आधी सांगितलं असेल तरच खाडा. मुलींचं म्हणणं, एक वेळचं जेवण चुकलं तरी पैसे कापा. आम्हाला आठवड्यातले दोन दिवस फील्डवर्क असे. सकाळी सातला कोंढव्याला नाहीतर पिंपरीला निघालं की रात्रीच परत. दर महिन्याला बिल लागलं की मेसच्या दारात आवाज चढायचे. आधीच्या सेक्रेटरींनी दोन्ही बाजू घेऊन बघितल्या होत्या. एकीने मामांना दम दिला, तर त्या महिन्यात उसळीतलं पाणी वाढलं.

त्याच सुमारास वर्गात मेरी पार्कर फॉलेट चालू होती. ही बाई १८६८ ते १९३३ या काळातली, बॉस्टनमध्ये वस्त्यांमधून काम केलेली. तिने सांगितलेली एक छोटीशी गोष्ट आहे. ग्रंथालयात दोघं बसलेले. एकाला खिडकी उघडी हवी, दुसऱ्याला बंद. निम्मी उघडली असती तर दोघंही नाराज. त्यांनी शेजारच्या रिकाम्या खोलीतली खिडकी उघडली. कारण एकाला मोकळी हवा हवी होती आणि दुसऱ्याला फक्त अंगावर वारा नको होता. खिडकीचं कुणालाच पडलेलं नव्हतं.

मग आम्ही बुधवारी रात्री जेवणानंतर मेसमध्येच बसायला लागलो. अट एकच: आज काही ठरवायचं नाही, रविवारी ठरवू. मामांनाही बसवलं. पहिल्या बुधवारी ते उभ्यानेच बोलले, दुसऱ्या बुधवारी बाकावर टेकले. आणि मग कळलं, की मामांचा जीव खाड्याच्या पैशांत अडकलेलाच नव्हता. अडचण होती ती कणकेची. सकाळी सहाला मावशी कणीक मळायला घ्यायच्या तेव्हा दुपारी किती मुली येणार याचा काही अंदाज नसायचा. कधी पोळ्या उरायच्या, कधी कमी पडून पुन्हा परात काढावी लागायची. आणि मुलींनाही खरं तर पैशांचं तितकं नव्हतं. फील्डवर्कच्या दिवशी दुपारी वडापाव खाऊन रात्री नऊला परत यावं आणि पातेल्याच्या तळाशी गार आमटी मिळावी, याचा तो राग होता.

रविवारी ठरलं ते असं: मेसच्या दाराशी दोरीला पेन बांधलेली एक वही. उद्या दुपारी जेवायला नसेल तिने आदल्या रात्री दहाच्या आत नाव लिहायचं. तिला सकाळी सव्वासातला पोळी-भाजीचा डबा तयार मिळेल. खाड्याचा नियम होता तसाच राहिला आणि त्यावरून पुन्हा भांडण झालं नाही. ही वहीची कल्पना माझी नव्हती. ती काढली लातूरच्या एका मुलीने, जी वर्षभर मेसच्या कुठल्याही भांडणात तोंड उघडून बोलली नव्हती. तिच्या घरी पिठाची गिरणी होती. किती दळण येणार हे आदल्या दिवशी कळलं तर काय बरं पडतं, हे तिला आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं. बुधवारच्या बैठकीत ठरवायची घाई नव्हती म्हणून तिच्यापर्यंत बोलण्याची पाळी पोचली.

परीक्षेनंतर ब्लॉक प्लेसमेंटसाठी, म्हणजे एखाद्या संस्थेत सलग राहून काम शिकण्यासाठी, मी महिनाभर बाहेरगावी होते. परत आल्यावर सगळ्यांत आधी मी बॅग तशीच ठेवून मेसच्या दाराशी गेले, हे कबूल करायला हवं. वही होती. भरून दुसरी लागली होती. शिवाय तिच्यात माझ्या माघारी एक रकाना वाढला होता: ‘रात्री उशीर’. कुणीतरी झाकून ठेवायच्या ताटांची सोय लावून दिली होती. मला फोन करून विचारावं असं कुणाला वाटलंही नव्हतं. मला त्याचा आनंद झाला. आणि पोटात कुठेतरी बारीकसं टोचलंही. या टोचण्याबद्दल नेतृत्वाच्या पाठ्यपुस्तकांत फारसं काही लिहिलेलं नसतं. पण महाराष्ट्रातल्या निम्म्या संस्था त्यापायीच अडून राहिल्या असाव्यात अशी मला शंका आहे. शिक्षणसंस्था असो, पतपेढी असो की साखर कारखाना, पहिल्या माणसाने हाडाची काडं करून उभं केलेलं असतं आणि त्याला काही केल्या खोलीबाहेर जाता येत नाही. मग त्याच्यानंतर खुर्चीवर त्याचंच आडनाव बसतं. याच मातीत आशियातला पहिला म्हणून ओळखला जाणारा सहकारी साखर कारखाना प्रवरेला उभा करताना विठ्ठलराव विखे पाटलांनी अध्यक्षपदावर अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळांना बसवलं होतं, ही गोष्ट आता ऐकायलासुद्धा विचित्र वाटते.

माझा शोधनिबंध ग्रामसभेवर होता. गावाचं नाव सांगत नाही. सांगून काही वेगळं कळणार नाही, कारण ते कुठलंही गाव असू शकतं. ग्रामसभेला मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यांतले जे कमी तितके हजर लागतात. तितके आले नाहीत तर सभा तहकूब होते आणि तहकूब झालेल्या सभेला गणपूर्तीची अट नाही. त्यामुळे काही गावांत पहिली सभा तहकूब व्हावी हीच इच्छा असते. मी दोन्हींना बसायचे आणि वहीत बसण्याचा नकाशा काढायचे: ओट्यावर कोण, पाराखाली कोण, भिंतीला टेकून कोण, चपलांपाशी कोण. कुणी बोललं की त्याच्या नावापुढे एक रेघ. दुसऱ्याला तोडून बोललं तर रेघेवर काट.

सरपंच बाई होत्या. त्यांच्या नावापुढे सबंध सभेत एकही रेघ नाही. शेजारच्या खुर्चीवर त्यांचे यजमान, त्यांच्या नावापुढे रेघांची रांग. हे चित्र नवीन नाही, त्यावर चिक्कार लिहून झालं आहे आणि मीही तेच लिहायच्या बेतात होते. पण आपल्याकडे ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. पुढच्या खेपेला मी तिला जाऊन बसले. अंगणवाडीच्या खोलीत, सतरंजीवर. यजमान नव्हते, ग्रामसेवक सही घेऊन चहाला गेलेले. आणि त्याच सरपंच बाई! पाण्याची मोटार पहाटे साडेचारला चालू करतात म्हणून खालच्या आळीतल्या बायकांना अंधारात हंडे घेऊन उभं राहावं लागतं, हा विषय निघाला. बाईंनी एकेका आळीला बोलतं केलं. मोटार चालवणाऱ्याच्या बायकोलाही विचारलं, की बाई, तुझ्या नवऱ्याला साडेसहाला जमेल का, आणि त्याला शेतावर जायला उशीर होईल त्याचं काय करायचं. वरच्या आळीतल्या एकीचा विरोध होता, तिला चार जणींनी दाबायला सुरुवात केली तेव्हा बाई म्हणाल्या, “ए, बोलू दे की तिला. तिच्याकडं पाणी शेवटाला पोचतं.” माझ्या वहीचं पान रेघांनी भरून गेलं आणि त्यांतल्या फार थोड्या बाईंच्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मुख्य सभेत पुन्हा त्यांच्या नावापुढे काही नाही. मोटारीचा विषय यजमानांनीच मांडला, ‘महिलांची मागणी आहे’ म्हणून, आणि तो मंजूरही झाला.

सरांना मी ही दोन पानं शेजारी शेजारी ठेवून दाखवली. तोवर लेविनचा प्रश्न मी एकाच बाजूने विचारत होते: नेता बाहेर गेल्यावर खोलीचं काय होतं? इथे तर दुसरंच कुणी बाहेर गेल्यावर नेता दिसायला लागला होता. म्हणजे खोलीत कोण आहे याइतकंच कोण नाही हेही मोजायला हवं. सर पानं उलटसुलट करत बराच वेळ बसले आणि म्हणाले, “दुसरं प्रकरण पुन्हा लिहावं लागेल तुला.” लिहिलं.

या अभ्यासाने मी बदलले का, असं मैत्रिणी विचारतात तेव्हा सांगण्यासारखं ठसठशीत काही सापडत नाही. स्टेजवर बोलायची भीती होती तेवढीच आहे. घरी मात्र फरक पडला. विहिरीच्या पाण्याच्या पाळीचं काकांशी बोलणं सुरू झालं तेव्हा बाबांना मी म्हटलं, की पहिल्या बैठकीत काही ठरवायचं नाही आणि काकूंनाही बोलवायचं. बाबांना ते विचित्र वाटलं. पण पाणी कुठल्या वेळी किती येतं हे काकूंनाच माहीत होतं. काकांना फक्त सातबारा माहीत होता. केस अजून कोर्टात आहे, पण पाळी कागदावर आली आहे आणि तो कागद धाकट्या काकूंच्या अक्षरात आहे.

आता मी मराठवाड्यात बचत गटांसोबत काम करते. गटाच्या अध्यक्ष आणि सचिव ठरावीक काळाने बदलायच्या असतात. बऱ्याच ठिकाणी त्या बदलत नाहीत. ‘तिलाच बँकेतलं सगळं येतं’ हे कारण सगळीकडे सारखंच. म्हणून आम्ही एक पद्धत पाडली: बँकेत अध्यक्षीणबाईंसोबत दर वेळी नवी बाई जाणार, स्लिप तिने भरायची आणि अध्यक्षीणबाईंनी काउंटरपासून लांब बाकावर बसायचं. त्या बाकावर बसणं किती अवघड आहे हे मी बघितलं आहे. एक अध्यक्षीणबाई दर दोन मिनिटांनी उठायच्या, “अगं तिथं नाही, खाली लिही” म्हणायच्या आणि मी त्यांना परत बसवायचे.

मलाही तीच पद्धत लागू आहे. कर्जाचा व्याजदर ठरवायच्या वेळी संस्थेच्या कार्यकर्तीने बैठकीतून उठून जायचं, असं आमच्याकडे ठरलेलं आहे. गेल्या महिन्यात एका गटात हा विषय होता. मी सगळे आकडे आदल्या बैठकीतच फळ्यावर मांडले होते. शेकडा दीड रुपया ठेवला तर वर्षाला काय होतं, दोन ठेवला तर काय, गरीब बाईवर हप्ता किती पडतो. त्या दिवशी चहा झाल्यावर त्यांच्यातली एक म्हणाली, “मॅडम, तुम्ही जरा त्या लिंबाखाली जाऊन फोन बघत बसा बरं.” मी गेले. आतून बराच वेळ आवाज येत होते, मधेच हसणं, मधेच कुणीतरी चिडलेलं.

त्यांनी दोन रुपये ठेवला. वरचा अर्धा रुपया वेगळा काढून बाळंतपणाला आणि दवाखान्याला बिनव्याजी द्यायचा, असंही ठरवलं; हे माझ्या फळ्यावर नव्हतं. वहीत लिहून, सगळ्यांच्या सह्या-अंगठे घेऊन मगच मला आत बोलावलं. मी वही वाचली, बेरीज तपासली, बरोबर होती. दर मात्र मला अजूनही दीडच पटतो.